मोशीच्या पुलापर्यंत

सन पंचावन्नच्या सुमाराला दापोडीत आमच्या आळीत फटफटी एकच होती आणि तिच्यावर मागं बसणारी बाईही एकच. फटफटी बरकत मिस्त्रीची. बाई म्हणजे गोजाबाई, आमची सुईण. पन्नाशीच्या आतबाहेरची, अंगानं काटक, कपाळ मोकळं, तळपाय असे की काटा रुतायच्या आधी मोडावा. नवरा खडकीला कामाला होता, तो तापानं गेला. पोटी मूलबाळ नाही. दापोडी, फुगेवाडी, कासारवाडीपासून थेट भोसरी-दिघीपर्यंत कुणाच्या घरी बाई अडली की बोलावणं गोजाबाईला.

तुझ्यासारख्या चळवळीतल्या माणसानं सुईणीवर काय लिहायचं, असं आमचे काही मित्र म्हणाले. त्यांना मी एवढंच सांगितलं, की तुम्ही कुणाच्या हातावर आलात ते आधी आईला विचारून या, मग बोलू.

सुईणीच्या वाटेचा एक रिवाज होता. बोलवायला आलेला माणूस दारात उभा राहून फक्त 'चला' म्हणायचा. सुईणीनं हातातलं काम टाकून उठायचं. वाटेत कुणाच्या उंबऱ्याला थांबायचं नाही, पाणी प्यायचं नाही, कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. याला 'वाट न मोडणं' म्हणत. गोजाबाईच्या सासूनं तिला सुईणपण शिकवलं त्यातच हाही धडा दिला, आणि तिनं तो इतका पाळला की एकदा फुगेवाडीत सख्खा भाऊ समोरून आला तर त्याच्याकडं न बघता निघून गेली. भाऊ वर्षभर रुसला होता.

"रुसू दे," ती म्हणायची. "तिकडं बाई वरडतीय आन् मी हितं त्याची खुशाली इचारत बसू?"

बरकतचं दुकान मुंबई रस्त्याला लागून, पत्र्याचं. लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेल्या मोटरसायकली लिलावात निघाल्या. त्यातले तीन सांगाडे त्यानं आणले आणि तिन्हींतून एक धड गाडी उभी केली. रंग लष्करीच, मातकट हिरवा. सायलेन्सर फुटका होता, तो त्यानं मुद्दाम तसाच ठेवला असा माझा संशय. ती गाडी दापोडीत सुरू झाली की कासारवाडीला कळायचं.

त्याची बायको झुलेखा पहिल्या खेपेला अडली, तेव्हा गोजाबाईनं तिच्याजवळची जागा सोडली नाही. पोरगी झाली, दोघी वाचल्या. बरकत म्हणाला, "मावशी, आता तू पायी जायचं नाही. बोलावणं आलं की मला हाक मार."

"फटफटीवर? लोक तोंडात शेण घालतील."

"माझ्या तोंडात रोजच घालतात. बस तू."

हे बसणं सोपं नव्हतं. विधवा बाई, मुसलमान मिस्त्रीच्या मागं, भर रस्त्यानं. पहिल्या दिवशी ती एका अंगाला पाय सोडून बसली तर गाडी डगमगायला लागली. बरकत म्हणाला, "नऊवारीला कासोटा आहे ना मावशी? मग घोड्यावर बसतात तशी बस." ती तशी बसली. दुसऱ्या दिवशी दौलतराव पानवाल्यानं दुकानातूनच विचारलं, "काय गोजाबाई, स्वारी कुठल्या किल्ल्यावर?"

"तुझ्या सुनंला सातवा लागलाय न्हवं?" ती म्हणाली. "तिच्या येळंला येते हं चालत. सावकाश."

दौलतराव त्यानंतर फटफटीबद्दल बोलला नाही. आळीही हळूहळू बोलेनाशी झाली. प्रत्येक घरात कुणी ना कुणी पोटुशी होतंच.

सुरुवातीला ती गाडीवर ताठ बसायची. नाशिक फाट्याचं वळण आलं की अंग उलटीकडं ओढायची. "माझ्याबरोबर कल, मावशी," बरकत ओरडायचा. "पडंन की," ती म्हणायची. "नाही कललीस तर दोघं पडू." मग ती कलायला शिकली. एकदा शिकली ती अशी, की बरकत मला म्हणाला, मागं कुणी बसलंय हे गाडीला कळतसुद्धा नाही.

मला चिडवायचं झालं की गोजाबाई 'पुढारी' म्हणायची. एका संध्याकाळी माझ्या दारात टेकली आणि म्हणाली, "पुढारी, मला आजवर कुणी कडंवर घेतल्यालं आठवत न्हाई. बैलगाडीत बसले ती लग्नात. बाकी जल्म चालण्यात गेला. कुणाच्या घरात शिरले की समद्यांचा जीव माझ्या हातात. पाणी ठेवा, हिला धरा, तिला बाहेर काढा, समदं म्याच बोलायचं. फटफटीवर मातूर माझ्या हातात कायबी न्हाई. काय व्हायचं ते बरकतच्या हातात. मी आपली बसायची. वारा कानात शिरतो, पदर फडाफडा उडतो, डोळ्याला पाणी येतं. लई ग्वाड वाटतं रे."

आणि लगेच तिचा चेहरा उतरला. "वाईट हाय हे. तिकडं कुणाला कळा येत्यात आन् हिकडं मला ग्वाड वाटतं. परवा तर मनात आलं, बोलावणं जरा लांबचं आसावं."

मी हसण्यावारी नेलं. तिनं नेलं नाही.

बरकतची मजा वेगळी होती. तिला पोचवलं की त्याला काम नसायचं. बाळंतपण कधी दोन घटकांत आटपायचं, कधी दिवस खायचं. तेवढ्यात तो एकटाच गाडी घेऊन सुटायचा. "मावशी मागं असली की खड्डा बघून चालवतो," तो सांगायचा. "एकटा असलो की कुणाचा जीव माझ्यावर नाही. वळणावर हवा तेवढा कलतो. गाणं म्हणतो, मलाच ऐकू येत नाही. आणि मोशीच्या पुढं नदीकडं उतार आहे बघा. तिथं मी इंजिन बंद करतो. फटफट थांबते आणि गाडी पळतच असते. नुसता वारा आणि डांबरावर टायरची सुरसुर. पुलावर येऊन आपोआप मंद होते. खाली इंद्रायणी. अल्लाची कसम, तेवढा वेळ मला भूक आठवत नाही, उधारी आठवत नाही."

हे त्यानं मला सांगितलं ते ठीक. गोजाबाईला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं तो पुढं कितीदा तरी म्हणाला.

दिवाळी होऊन गेली होती. दुपारची वेळ. भोसरीहून दिघीला वाट फुटते तिथं हिंदुरावांची वस्ती, शेतातच. त्यांची मुलगी मंजुळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्या कळा सुरू झाल्या तसा त्यांचा पुतण्या सयाजी चालत दापोडीला आला आणि दारात उभा राहून 'चला' म्हणाला. गाडीवर दोघांचीच जागा. रिवाजाप्रमाणं बोलावणाऱ्यानं सुईणीबरोबर परतायचं, पण फटफटी आल्यापासून तो नेम मोडलाच होता. सयाजी मागनं चालत निघाला आणि ही दोघं पुढं.

शेतं कापून झाली होती. ऊन मऊ पडलं होतं, हवा स्वच्छ. नाशिक रस्ता मोकळा. भोसरी मागं पडली, फाटा आला. उजवीकडं बाभळींच्या आड वस्तीची कौलं दिसत होती. बरकतनं गाडी मंद केली.

"बरकत," मागून गोजाबाई म्हणाली, "तुजा त्यो उतार हितनं किती लांब?"

"हा काय, पुढंच."

"चालत आले असते तर अजून कासारवाडीतच असते, न्हाई?"

"कासारवाडीच्याही अलीकडं."

"मग चल. पहिलटकरीण हाय, आत्ता कुठं कळा लागल्यात, सांजंपातूर काय व्हत न्हाई. पर गाडीवरनं उतरायचं न्हाई हां कुठं. वाट मोडायची न्हाई."

वाट मोडायची म्हणजे थांबायचं, उतरायचं, बोलायचं, एवढंच तिला ठाऊक. फाटा सोडून पुढं जाणं रिवाजात कुठं सांगितलं नव्हतं, कारण पायी जाणारी सुईण लांबच्या वाटेनं कशाला जाईल? बरकतनंही वाद घातला नाही. त्याला तो उतार कुणाला तरी दाखवायचाच होता.

दोघं मोशीच्या उतारावर गेली. बरकतनं इंजिन बंद केलं. गोजाबाई सांगते, आवाज गेला तशी आपण हवेत उचललो गेलो असं वाटलं. पाखरांचा आवाज ऐकू आला. पुलावर गाडी मंद झाली, खाली पाणी चमकत होतं. ती उतरली नाही. बरकतनं पुलावरच गाडी वळवली, किक मारली आणि दोघं सुसाट माघारी आली. वस्तीच्या वाटेला लागेपर्यंत ती हसत होती.

वस्तीवर कुणी ओरडत नव्हतं.

मंजुळा भराभर मोकळी झाली होती. पहिलटकरणीचं असंही होतं, कधी कधी. मुलगा. नाळेचा वेढा गळ्याला पडलेला. मंजुळाची आई सावित्रीबाई आणि शेजारची एक म्हातारी, दोघीच होत्या. त्यांनी ओढून काढला. गोजाबाईनं त्याला हातात घेतला तेव्हा अंग ऊन होतं आणि ओठ जांभळे. तिनं तोंडात फुंकर घातली, तळव्यांना चापट्या मारल्या, ऊन पाण्यात धरला, गार पाण्यात धरला. बाहेर बाया बसल्या होत्या, त्यांना आतून फक्त चापट्यांचा आवाज येत राहिला.

"दोन बोटांचं काम व्हतं, पुढारी," ती मला नंतर म्हणाली. "वेढा बोटावर घ्यायचा न् डोसक्यावरनं काढायचा. दोन बोटांचं."

सगळं आटपल्यावर सयाजी घामाघूम होऊन अंगणात आला. तेव्हा हिंदुराव जमलेल्या लोकांना म्हणाले, "गोजाबाईंनी काय कसर ठिवली? बोलवाय गेल्यालं पोरगं आत्ता पोचतंय, आन् ह्या कवाच्या येऊन बसल्यात. देवाच्याच मनात न्हवतं." घरात मूल गेलं तरी सुईणीला रित्या हातानं पाठवायचं नाही, म्हणून त्यांनी तिच्या ओटीत लुगडं घातलं. काळपट निळं, बारीक तांबड्या काठाचं. म्हणाले, "धावत आलात, लई उपकार."

लुगडं नाकारणं म्हणजे त्या घरावर रुसणं. तिनं ते घेतलं. कधी नेसली नाही. ट्रंकेच्या तळाला घालून ठेवलं.

त्यानंतर गोजाबाई फटफटीवर बसायची बंद झाली. बोलावणं आलं की पायी निघायची, बरकतच्या दुकानापुढूनच, मान खाली घालून. तो हाक मारायचा, ती ओ द्यायची नाही. रिवाजच होता ना. आळीला वाटलं दोघांचं बिनसलं. मलाही तेच वाटलं. शेवटी बरकतच माझ्याकडं आला आणि म्हणाला, "तुम्हीच बोला तिच्याशी. कासारवाडीच्या सोजराबाईची सून काल मरता मरता वाचली. मावशी पोचेपर्यंत बायांनी नुसती धरून ठेवली होती तिला."

माझं डोकं फिरलं. तसाच तिच्या घरी गेलो. ती जात्यापाशी बसली होती.

"काय खूळ घेतलंस डोक्यात? दारात गाडी उभी असताना पायी कशाला जातेस?"

तेव्हा तिनं मला मोशीचं सगळं सांगितलं. पुलापर्यंत. हसत आले होते, हेही.

मी चळवळीतला माणूस, मला पापपुण्य पटत नाही. मी वकिली सुरू केली. "हे बघ, पायी गेली असतीस तर सयाजीबरोबर पोचली असतीस. म्हणजे तेव्हाही पोर गेलंच असतं. तू त्यांच्या वेळातलं काही चोरलं नाहीस. जो वेळ वाया गेला तो फटफटीनं दिलेलाच होता."

"बरकतनं बी हेच सांगितलं."

"मग? बरकतकडं फटफटी नसती तर काय केलं असतंस?"

"पर व्हती की," ती म्हणाली.

मी आवाज चढवला. "बरं, गुन्हा तुझा. मग सजा सोजराबाईच्या सुनेला का? तू पायी चालणार, तुझ्या मनाला बरं वाटणार आणि तिकडं परक्याची लेक तडफडणार. हे पाप धुणं झालं की दुसरं करणं?"

ती जात्यावर हात ठेवून बसून राहिली. पुढचं बोलावणं आलं तेव्हा बरकतच्या दुकानापुढं थांबली आणि म्हणाली, "काढ गाडी."

पण ती पहिल्यासारखी बसली नाही. तोंडावरून पदर घट्ट लपेटून घ्यायची, वारा लागू नये म्हणून. बरकतला ताकीद, वाटेत बोलायचं नाही. आणि वळणावर कलेना.

"दगड बांधून नेल्यासारखं वाटतं," बरकत मला म्हणाला. "गाडी ओढते. एखाद्या दिवशी दोघं आपटू."

"मग सांग की तिला कलायला."

"सांगितलं. ती म्हणते, कललं की बरं वाटतं." तो हातातला पाना पुसत राहिला. "मीही आता एकटा जात नाही मोशीकडं. एकदा गेलो होतो. उतारावर इंजिन बंद करायला हात गेला आणि परत आला."

अशी तीनेक वर्षं गेली. पिंपरीला कारखाने उभे राहायला लागले, रस्त्याला लॉऱ्या वाढल्या, आणखी दोघातिघांकडं मोटरसायकली आल्या. मग एक दिवस सयाजी, आता मिशा फुटलेला, सायकलवरून आला आणि गोजाबाईच्या दारात उभा राहिला. मंजुळाचं दुसरं बाळंतपण. सासरी चाकणला चांगली सुईण होती. तरी ती हट्टानं माहेरी आली होती आणि गोजाबाईच पाहिजे म्हणून अडून बसली होती.

गोजाबाई आत गेली, ट्रंक उघडली, लुगडं पिशवीत घातलं आणि बाहेर आली.

"मावशी," बरकत म्हणाला, "आज गाडी जोरात न्यायची आहे. कलावं लागेल."

नाशिक फाट्याच्या वळणावर ती कलली. तोंडावरचा पदर सुटला, तो सावरायला तिनं हात सोडला नाही. "आन् तवाबी ग्वाड वाटलंच रे," तिनं मला नंतर सांगितलं, कुणीतरी तिच्यावर अन्याय केल्यासारखं. "मंजुळाकडं निघाल्ये आन् तरी. काय हाडाची हाय मी?"

फाटा आला. बरकत मागं न बघता उजवीकडं वळला.

बाळंतपण कठीण गेलं, पण गोजाबाईचे हात जागेवर होते. मुलगी झाली. ती रडली तेव्हा सावित्रीबाईही रडल्या. पोरीला पुसून गोजाबाईनं पिशवीतलं लुगडं काढलं, ताठ होतं ते चुरगाळून मऊ केलं आणि तिला त्यात गुंडाळलं. घरच्या बाया चुलीकडं गेल्या. खोलीत दोघीच उरल्या.

मंजुळानं काठाकडं पाहिलं. "हे आमच्या बापूनं दिल्यालं. नेसला न्हाईत?"

"न्हाई."

"का?"

गोजाबाई खाली बसली आणि तिनं सांगून टाकलं. की त्या दिवशी मी फाट्यावर होते, तुमची कौलं दिसत होती, आणि मी मोशीच्या पुलापर्यंत गेले. कामाला नाही. मजा म्हणून.

मंजुळानं पोरीला जवळ ओढलं. "मला ठावं हाय," ती म्हणाली.

"काय ठावं हाय?"

"फटफटीचा आवाज फाट्यापातूर आला. आई म्हणाली, आली बघ गोजाबाई, जरा दम धर. मी दम धरला. मग आवाज पुढं गेला. आई म्हणाली, दुसऱ्या कुणाची आसंल. ह्या मुलखात दुसरी व्हती का तवा कुणाची?"

गोजाबाईनं विचारलं, "बापूला सांगितलंस?"

"बापूनं बरकतची गाडी पेटवली आसती. मग ह्या खेपंला तुमाला कुणी आणलं आसतं?"

"पर मलाच का बोलावलंस, बाई? चाकणला सुईण न्हवती?"

"ती वाटंत काय करंल मला काय म्हाईत," मंजुळा म्हणाली. "तुमी आता वाकडी वाट करणार न्हाई, तेवढं म्हाईत व्हतं."

एवढं बोलून तिनं कूस बदलली आणि पोरीला पाजायला घेतलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही. गोजाबाईनं विचारलं नाही.

बाहेर दिवस कलला होता. हिंदुरावांनी नवं लुगडं ओटीत घातलं, ते तिनं घेतलं. बरकतनं गाडी वळवून ठेवली होती. तो किक मारणार, तेवढ्यात तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हितं नको सुरू करू."

"का?"

"आवाज ऐकू जातोय आत."

बरकतनं किकवरचा पाय काढला. मग त्यानं हँडल धरलं, तिनं मागून कॅरिअरला हात लावला. लष्करी गाडी, वजनाला म्हशीएवढी, आणि वाट खडकाळ. फाट्यापर्यंत दोघांनी ती ढकलत नेली. फाट्यावर डांबर लागलं तरी ती थांबली नाही. भोसरीची पहिली घरं दिसेपर्यंत ढकलत राहिली, आणि तिथं आल्यावर म्हणाली, "आता मार किक."